मोगऱ्याची वाडी
खंडेराव मार्केटात मोगऱ्याचा वास आला की माझं आणि धाकट्या जावेचं एकत्र झालेलं डोहाळेजेवण आठवतं. दोघींना फुलांची वाडी घातली होती. तिचं बीपी नॉर्मल, त्यामुळे ती मजेत लोणचं-पापड खात होती. माझ्या ताटात सासूबाईंनी अळणी वरणभात वाढलेला. निदान आज तरी तिच्या शेजारी आजारी दिसायचं नाही, म्हणून सकाळची बीपीची गोळी मी मुद्दामच घेतली नव्हती. ओटी भरताना डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. “ताई, गोळी घेतलीत ना?” तिनेच ओळखलं. फुलांसकट मला रिक्षात बसवलं आणि “भाई, जल्दी चलावो” म्हणत दवाखाना गाठला. इंजेक्शनांनी बीपी उतरलं. मी वाचले, पोटातलं बाळही. आता माझी लेक शाळेतून येते ती थेट काकूच्या गळ्यात पडते. जिच्यामुळे ही पोर आहे, तिच्यावर मी अजूनही जळते.