बेडूक गेला, पाणी गढूळच

वाचनालयात तिला सगळे डिंकमावशी म्हणायचे. फाटकी पुस्तकं तिच्या टेबलावर यायची आणि धडधाकट होऊन परत जायची. शिवताना तोंडी एकच पालुपद: "मागच्या वस्तीतली कार्टी! पुस्तकांच्या पार चिंध्या करतात."

सफाई कामगारांच्या त्या वस्तीतल्या मुलांना म्हणूनच कार्ड नव्हतं. वाचायचं ते तिथेच बसून.

त्या शनिवारी गोष्ट सांगणाऱ्या बाई आजारी पडल्या. पुस्तक मावशीच्या हातात आलं. त्यातली गोष्ट अशी:

तळ्याचं पाणी गढूळ होतं, म्हणून सगळ्यांनी बेडकाला हाकललं. महिना गेला. पाणी गढूळच.

"मग त्याला परत बोलावलं?" वस्तीतल्या भिंगरीनं विचारलं. ही पोर एका जागी बसेल तर शपथ.

"बोलावलं ना. वाजतगाजत!"

"मावशी, हे घरी नेऊ? भाऊ पाय मोडून पडलाय. त्याला दाखवायचंय."

"वस्तीत पुस्तक देत नाहीत गं. फाटतात."

"आम्ही कधी नेलीच नाहीत. मग तुम्ही रोज काय शिवता?"

मावशीनं वळून पाहिलं. टेबलावर सतरा पुस्तकं पडली होती. सगळी कार्डवाल्या घरांतून आलेली. वीस वर्षं हातात सुई, आणि डोळ्यांवर झापडं!

ढीग छातीशी धरून ती ग्रंथपालांच्या खोलीत घुसली.

"साहेब, बेडूक गेला तरी पाणी गढूळच!"

"मावशी, बरं वाटतंय ना?"

"आजच बरं वाटतंय! यातलं एक तरी वस्तीतलं दाखवा. आत्ता सुई खाली ठेवते."

साहेबांनी प्रत्येक पुस्तकातली, नेणाऱ्याच्या नाव-पत्त्याची चिठ्ठी वाचली. सतराव्या चिठ्ठीपाशी चष्मा काढला.

"नियम माझ्या आधीचा आहे."

"मग मोडायला कुणाची वाट बघताय?"

साहेबांनी खण उघडला. कोरं कार्ड काढलं.

भिंगरी पुस्तक घेऊन अशी पळाली, की चप्पल दारातच राहिली.

सोमवारी ती दारात उभी. हात पाठीमागे. पुस्तकाचं शेवटचं पान उभं फाटलेलं.

"बेडूक परत आला ना, तेव्हा भावानं पलंगावरून उडीच मारली. प्लास्टरसकट." तिनं पुस्तक पुढे केलं. "आता कार्ड काढून घेणार?"

मावशी हसत सुटली. "अगं वेडे, तुझं घ्यायचं तर आधी अख्ख्या शहराचं घ्यावं लागेल!"

तिनं शेजारचं स्टूल पुढे ओढलं. डिंकाची बाटली भिंगरीच्या हातात दिली.

"बस. पण आधी सांग, उडी केवढी मारली?"