बालाजीपर्यंतची वाट

मॅरेथॉनसाठी शहरात जायच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या काकूंनी मला त्यांच्या ओट्यावर उभं केलं आणि तांब्याभर पाणी माझ्या पायांवर ओतलं. हळद-कुंकू लावलं. लग्न न झालेल्या मुलीची ओटी भरत नाहीत, म्हणून नारळ नुसता हातात दिला. गल्लीतल्या बायका बघत होत्या. मी माझ्या ओल्या पायांकडे बघत राहिले.

हे सगळं एका गैरसमजातून झालं होतं. आईला कॅन्सर झाला तेव्हा आम्ही ज्या संस्थेच्या धर्मशाळेत राहत होतो, त्या संस्थेसाठी मला धावून पैसे जमवायचे होते. मी इंग्रजीत एक परिच्छेद लिहिला, खाली लिंक दिली आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. भरपूर अंगठे आले, बाकी काही नाही. मग बाबा एकदा काकूंना सहज म्हणाले, "पोरगी आईसाठी पळणार आहे. वर्गणी गोळा करते." काकूंना एवढं पुरलं. आमच्याकडे घरच्या माणसासाठी कोणी पायी जायचं किंवा लोटांगण घालायचं ठरवलं, तर तो नवसच असतो. काकू स्वतः दारोदार फिरल्या. "पोरीनं मायसाठी पयायचं कबूल केलं हाय," असं त्यांनी सांगितलं आणि ज्यांनी लिंक उघडलीसुद्धा नव्हती, त्यांनी हात आखडला नाही. दुसऱ्याच्या नवसाला हातभार लावला की थोडं पुण्य आपल्याही पदरात पडतं.

मी कोणाला खरं काय ते सांगितलं नाही. बोलायची वेळ आली की माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मराठीत येतं, आणि तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

"अनवाणी पयशीन ना?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू, बूट घालून."

"बूट? देवाले बूट चालत नाही बाई."

"डांबरी रस्ता आहे काकू. बेचाळीस किलोमीटर."

"मंग गाडीनं काऊन नाही जात?" मागून एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

बायका पांगल्यावर काकूंनी हळू आवाजात विचारलं, "कोण्या देवाले बोलली होतीस?"

"मी नाही बोलले. आई बोलली होती."

हे मी बाबांनाही सांगितलेलं नव्हतं. धर्मशाळेत सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर होतं. तिथल्या डब्याच्या भाजीत जीव नाही, असं आईचं मत होतं, त्यामुळे बरं वाटेल त्या दिवशी ती स्वतः पिठलं टाकायची. एकदा शेजारच्या शेगडीवरच्या बाईला ती म्हणाली, "बरी झाली का मी पायी जाईन. घरून थेट देऊळगाव राजाले, बालाजीच्या पायापाशी." आमच्या गावाहून ती दोन दिवसांची वाट आहे. मग माझ्याकडे मान करून म्हणाली, "अन् ही येईन संगं." मी भांडी विसळत होते. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मला ते फार आवडलं. त्या दिवसांत मी तिला पॅसेजमध्ये चालवायला न्यायचे. ती माझं डावं कोपर धरायची आणि दर चार पावलांवर म्हणायची, "हळू ना पोरी. मी येऊन राह्यले."

आई बरी झाली नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मंग तो नवस लागू नाही होत. काम झालंच नाही, तं फेडाचं काय? देवाचं काही राह्यलं नाही तुह्याकडं. मोकळी हायेस तू."

त्यांनी ते मायेनंच सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी चिखलीहून बस सुटल्यापासून तो एकच शब्द माझ्यासोबत होता. मोकळी. आईच्या साड्या मावश्यांनी वाटून घेतल्या होत्या. उरलेली औषधं धर्मशाळेत दिली होती. तिचा आवाज असलेले दोन-तीन मेसेज आहेत, पण त्यांत ती फक्त दूध तापवायला सांगते. तिचं काहीतरी माझ्याकडून व्हायचं राहिलेलं असावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून तर मी धावत होते.

शर्यतीचं निम्मं अंतर मी छान पळाले. आमच्या गावाबाहेरच्या सोयाबीनच्या शेतांमधल्या रस्त्यावर पळायचे, त्याहूनही छान. पुढे कधीतरी पोटऱ्यांत गोळे आले आणि मी चालायला लागले. रस्त्याच्या कडेचे लोक ओरडत होते, "चालू नका! पळा, पळा! थोडंच राहिलंय!" मला लाज वाटली. थोड्या वेळानं गोळे उतरले, पळता आलं असतं. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी डावं कोपर अंगापासून जरा लांब धरून चालते आहे. कोणीतरी धरावं तसं. मी कान देऊन चालले. कोणी काही म्हणालं नाही. तरीही मी पळाले नाही. शेवटपर्यंत तशीच गेले.

शेवटी एक पदक आणि एक केळं मिळालं.

मी घरी परतले त्या संध्याकाळी बायका प्रसादाला आल्या. नवस झाला की प्रसाद असतोच. माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं, पण काकूंच्या आलं होतं. त्या शिऱ्याचं पातेलं घेऊनच आल्या. आधी एक वाटी आईच्या फोटोपुढे ठेवली. पदक हातोहात फिरलं.

"पितळेचं हाय का वं?" एकीनं विचारलं.

"पूर्ण पयली का पण?" काकूंनी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. "नाही काकू. शेवटी चालले. बरंच चालले."

त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "तुही माय तं चालतच जाणार होती."

"हो."

"मंग हे अर्धंच झालं म्हण. बालाजीपर्यंतचं राह्यलंच हाय." पदराला हात पुसत त्यांनी पुढचं ठरवूनही टाकलं. "उन्हाळ्याच्या आत जा लागते. मी बी येईन, पण माह्या गुडघ्याच्या हिशेबानं चालजो. पयत सुटू नको."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, मी मोकळी आहे म्हणून."

"तवाचं तवा. शिरा खाय आता."

शिरा गरम होता. मी खाल्ला, आणि वाटी पुन्हा पुढे केली.