तुमचा नंबर आला आहे

"ताई, ह्यांच्या फोनवर सकाळपासून एकच मेसेज येतोय," टिटवाळ्याहून वहिनी बोलत होत्या. "'तुमचा नंबर आला आहे. कृपया आत या.' सासूबाईंनी पांढरी साडी काढून उशाशी ठेवलीय. पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणतात, मिलिंद बोलावतोय."

मिलिंद म्हणजे वहिनींचा नवरा, आमचा प्रोग्रामर. मागच्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. गॅस, बँक सगळं त्याच्या नंबरला जोडलेलं, म्हणून घरच्यांनी सिम चालू ठेवलेलं.

माझ्या अंगावर काटा आला. कारण ते वाक्य माझंच. डोंबिवलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी लिहिलेलं. पेशंटचा टर्न आला की त्याच्या मोबाइलवर जायचं. आदल्या दिवशीच आम्ही तिथला सर्व्हर बदललेला, म्हणून मी तिथेच बसलेले. बाहेर हॉलमध्ये पेशंट रिसेप्शनवर भांडत होते. एकालाही मेसेज नव्हता.

सेटिंगची फाइल उघडली. आता बघा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेली सूचना. प्रोग्राम तोच, सूचना बदलली की वागणं बदलतं. टेस्टिंगमध्ये खऱ्या पेशंटना त्रास नको, म्हणून मिलिंदने एक घातलेली: सगळे मेसेज त्याच्याच नंबरवर पाठवायचे. सर्व्हर बदलताना जुन्या टेस्टिंग मशीनवरून सूचना कॉपी केल्या, त्यात तीही आली.

ओळ पुसली. वहिनींना म्हटलं, "काढलं हो. आता नाही येणार."

पलीकडे टिंग वाजलं.

"ताई, आला."

फाइल परत बघितली. नंबर नव्हता. पुन्हा टिंग. मागून सासूबाईंचा आवाज, "आले रे बाळा, आले."

खोटं कशाला सांगू, मी वळून दाराकडे बघितलं.

मग डोकं ताळ्यावर आलं. प्रोग्राम सूचना वाचतो ती सुरू होताना, एकदाच. बंद होईपर्यंत तीच धरून बसतो. बाहेर आपण काय पुसलं, त्याला पत्ताच नसतो.

"डॉक्टर, रीस्टार्ट करावं लागेल."

"अहो मॅडम, ओपीडी भरलीय! दुपारी करा."

"दुपारपर्यंत तिकडे एक म्हातारी थांबायची नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "करा."

केलं. हॉलमध्ये कुणाचा तरी मोबाइल वाजला. टिटवाळ्याचा गप्प झाला.

मिलिंदच्या आईंनीच फोन घेतला. "थांबला गं तो. मी गेले नाही म्हणून रागावला का?"

"नाही हो आई. मी बोलले त्याच्याशी. घाई नाही म्हणाला."

मग सुनेला म्हणाल्या, "चहा टाक गं."

तर, सूचना बदलली की प्रोग्राम रीस्टार्ट करायचा. आणि टेस्टिंगला चालत्याबोलत्या माणसाचा नंबर मी आता कुणाला घालू देत नाही.