मानाचे मोठे अक्षर

मंडळी, एकाचा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट दुसऱ्याला गेला आणि दोघेही आठवडाभर चुकीचे खात राहिले, म्हणून हे लिहिते आहे.

गुजरातमधल्या ज्या कारखान्यात मी संगणक सांभाळते, तिथे शिंदे दोन. एक मोठे साहेब, दुसरा स्टोअरमधला नितीन. आज नितीन उतरल्या चेहऱ्याने आला. "मॅडम, साखर फार वाढलीय. चहा, फाफडा सगळं सोडलं. घरी अजून सांगितलं नाही."

मी त्याला आलेली रिपोर्टची मेल पाहिली. आत कर्मचारी क्रमांक साहेबांचा! नितीनचा स्वतःचा, अगदी चांगला रिपोर्ट खाली न उघडता पडलेला.

दोघांच्याही खात्याचे नाव इंग्रजीत 'शिंदे'च; साहेबांच्या नावात पहिले अक्षर मोठे (कॅपिटल), नितीनच्या नावात लहान. आमच्या संगणकावरची युनिक्स प्रणाली त्यांना दोन वेगळी माणसे समजते. मेल वाटणारा प्रोग्रॅम मात्र सगळी अक्षरे लहान करतो, त्यामुळे साहेबांची मेल नितीनकडे.

खाती उघडून देणाऱ्या ऑपरेटर वर्षाला विचारले, तर ती म्हणाली, "बेन, मोटा साहेबांचं नाव लहान अक्षरात कसं टाकू? सारूं नाही ने लागत, बरं नाही दिसत!"

मशीनला मान कळत नाही, हे सांगून मी थकले. तुमच्याकडेही असा मान देतात का?

साहेबांकडे गेले. "अहो बाई, घ्या, गरम आहे!" समोर जलेबी.

हातोहात दिले: साहेबांना त्यांचा रिपोर्ट आणि लहान अक्षरांतले नवे, वेगळ्या नावाचे खाते. साहेबांकडून घेतली: जलेबीची पुडी. ती नितीनला दिली, चहासकट.