व्हय म्हणजे हो नाय

शमीमबाजींनी पहिल्या दिवशी मला चहासुद्धा सरळ दिला नाही. "मॅडम, चहा घेणार?" त्यांनी विचारलं. मी सवयीनं "चालेल" म्हटलं. झालं, बाईंनी किटली खाली ठेवली. "चालेल म्हणजे काय? घेणार, का नाय घेणार?" आता चहाला कुणी असं धरून बसतं का हो? "द्या बाई अर्धा कप" म्हटलं, तेव्हा कुठे कप पुढे आला. वर ऐकवलंही, "चालेल म्हणणारे निम्मे लोक भिडेपोटी पितेत." ही बाई आपल्याला छळणार, हे मी तिथंच ओळखलं. छळलंच त्यांनी, चांगली दोन वर्षं.

हर्सूलच्या आमच्या केंद्रात बायकांची ऑनलाइन कोर्सला नावं नोंदवायचं काम चालायचं. मी केंद्रप्रमुख. बाजी उर्दू शाळेतून निवृत्त होऊन आलेल्या. वस्तीत फिरून बायकांना गोळा करायच्या, समजावायच्या. मराठी आणि दखनी त्यांच्या तोंडी एकाच वाक्यात नांदायच्या. प्रत्येक नोंदणीआधी संमतिपत्र असायचं, चांगलं लांबलचक. क्लासमध्ये कॅमेरा चालू राहणार, रेकॉर्डिंग ठेवलं जाणार, फोटो आणि नाव कंपन्यांना दिसणार, असं बरंच काही. खाली एक चौकोन. त्यात खूण केली की काम झालं. निदान माझ्या मते झालं.

ज्या बॅचवरून आमचं बिनसलं, तो कोर्स होता चिकलठाण्याच्या कारखान्यांत स्टोअर सांभाळायचा. शनिवारी पाचपर्यंत चाळीस नावं भरली तरच बॅच सुरू होणार होती. आणि बॅचकडे डोळे लावून बसली होती सुमन, मेंढपाळाच्या घरची सून. सासऱ्यांनी तिला बजावलं होतं, "क्लास सुरू झाला तर ऱ्हा इथं, नाय तर सोमवारी मेंढरांमागं चल." पोरगी बारावी झालेली. रोज दारात येऊन उभी राहायची आणि एकच विचारायची, "मॅडम, झाले का चाळीस?"

मी बायकांना हॉलमध्ये बसवलं, पत्र भराभरा वाचलं आणि विचारलं, "सगळ्यांना मान्य?" एका सुरात उत्तर आलं, "व्हय!" मी खुणा करायला बसले, तर बाजींनी चक्क माऊस उचलून घेतला.

"मॅडम, व्हय म्हणजे हो नाय. व्हय म्हणजे, तुमी बोला, आमी ऐकायलो."

मग एकेकीपुढे बसून त्यांचं ते ठरलेलं वाक्य सुरू झालं, "आता तुमी मला सांगा, काय कळलं?" एकीला वाटत होतं, सरकारकडून मोबाइल मिळणार. दुसरी म्हणाली, "रेशन कार्डाचं हाय ना?" तिसरीला कॅमेऱ्याचं कळलं आणि ती पदर सावरून सरळ घरी गेली. बाजींनी तिला दारापर्यंत पोचवलं, वर "अच्छा किये, साफ बोल दिये" म्हणून शाबासकी दिली! माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! "बाजी, तुम्ही नावं नोंदवायला आलात, की खोडायला?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बिना मर्जी का नाम वजन है, मॅडम. उचलणार कोण?"

शनिवारी साडेचारला नावं होती एकोणचाळीस. बाजी नमाजाला गेल्या होत्या. त्यांचा फोन माझ्या टेबलावर चार्जिंगला होता, त्यांचे आधार कार्डाचे कागद केंद्राच्या कपाटात होते. मी फॉर्म उघडला आणि चाळिसावं नाव टाकलं: शमीमबाजी. ओटीपी आला, तो स्क्रीनवर वाचून भरला. चौकोनात खूण केली. बाहेर येऊन सुमनला सांगितलं, "झाले गं चाळीस." ती मटकन पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. मला काडीचंही अपराधी वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

सोमवारी बाजींनी फोन माझ्यापुढे धरला. मेसेज आला होता, 'अभिनंदन! आपण स्वेच्छेने नोंदणी केली आहे.'

"ये स्वेच्छा किसकी है, मॅडम?"

मीच उसळले. "मग काय करायचं होतं? सुमनला जाऊ द्यायचं होतं मेंढरांमागं?"

"मेरेकू पूछना था."

"तुम्ही नाही म्हणाला असता!"

"म्हणून नाय विचारलं ना?" बाजी हळूच म्हणाल्या.

नाव काढा म्हणतील, बॅच मोडेल, अशी धास्ती मी दिवसभर घेतली. त्यांनी नाव काढलं नाही. रोज दुपारी दोन तास कॅमेऱ्यापुढे ताठ बसल्या. गुडघे धरून उठायच्या, पण एक दिवस चुकवला नाही. मधे पडद्यावर सुमन अडली की तिला समजावायच्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, तेही नीट, अदबीनं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काय हट्टी बाई!

कोर्स संपला, सुमनला चिकलठाण्याला नोकरी लागली. त्याच आठवड्यात बाजींनी राजीनामा ठेवला. मी कसंबसं विचारलं, "बाजी, माझं चुकलं. थांबाल का?"

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "नाय मॅडम. लेकिन पूछे, अच्छा लगा."

त्यांच्या जागी आता नवी मुलगी आली आहे. चटपटीत आहे, कशालाच आडकाठी करत नाही. चाळीस फॉर्म दुपारपर्यंत भरून माझ्या टेबलावर आणून ठेवते. आणि मी चिडचिड करत एकेकीला फोन लावत बसते, "बाई, तुम्हाला काय कळलं, ते जरा मला सांगा."