पराश्केवामावशीचं मिनिमम

लोम गावच्या बँकेत कर्जाच्या खिडकीवर झोर्नित्सा बसायची, आणि गावात तिच्याइतकं गोड बोलून कर्ज कुणी देत नसे. माणूस अंगावर देणं घेऊन निघायचा आणि वर तिचेच आभार मानायचा. "झालं समजा तुमचं काम," हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि काम खरंच व्हायचं. शाळेतल्या ग्रंथपालबाईंची मुलगी, नदीकाठच्या चार मजली इमारतीत लहानाची मोठी झालेली. तिला उलट प्रश्न विचारणं म्हणजे शेजारणीनं दिलेली वाटी आधी हुंगून बघण्यासारखं होतं.

मे महिना ही या खिडकीची सुगी. बारावी झालेल्या पोरापोरींचा बॉल, म्हणजे शाळेच्या निरोपाचा नाच-समारंभ, मे महिन्यात असतो, आणि लोममध्ये लग्न साधेपणानं केलं तर लोक समजून घेतात, बॉल साधा केला तर नाही. शिवून घेतलेला झगा, भाड्याची पांढरी मोटार, इमारतीसमोर मांडलेली टेबलं, पितळी बाजा. मग पोरं मोटारीच्या खिडक्यांतून अर्धी बाहेर लोंबकळत, शाळेच्या बारा वर्षांचे एकापासून बारापर्यंत आकडे बोंबलत गावभर फिरणार, आणि बाल्कन्यांतून सगळी आळी बघणार की कुणाच्या नातीनं काय घातलंय. हा वेडेपणा आहे, यात शंका नाही. पण त्या दिवशी आपल्याच दारात बाजा वाजला नाही तर काय वाटतं, हे ज्याच्या दारात वाजत नाही त्यालाच ठाऊक.

पराश्केवामावशीच्या दारात वाजला होता. झोर्नित्साच्या आईच्या खालच्या मजल्यावर ती राहायची. भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेली. मुलगी स्पेनला कामाला गेलेली, नात दिलियाना हिच्याच पदराखाली वाढलेली. नातीच्या बॉलसाठी तिनं झोर्नित्साकडून क्रेडिट कार्ड घेतलं आणि त्यावरचे अडीच हजार लेव्हा एका आठवड्यात उडवले. "मावशी, काळजी करू नका," झोर्नित्सा तेव्हा म्हणाली होती, "दर महिन्याला मिनिमम भरलं की पुरे."

तेव्हापासून सहा वर्षं मावशी मिनिमम भरत होती. पेन्शन हातात आली की पहिली खेप बँकेत. एकदाही उशीर नाही. रांग कितीही लांब असो, उभी राहायची ती झोर्नित्साच्याच खिडकीशी. कधी लुतेनित्साची, घरच्या मिरची-टोमॅटोच्या चटणीची बरणी, कधी फडक्यात गुंडाळलेला, चीज भरून भाजलेल्या बनित्साचा गरम तुकडा काचेखालून आत सरकवायची. मॅनेजर प्लामेन तर तिच्यावर खूश होता. "अशा गिऱ्हाइकाची दृष्ट काढली पाहिजे," तो म्हणायचा, आणि परवाच त्यानं सांगून ठेवलं होतं की मावशी आली की तिच्या कार्डाची मर्यादा वाढवून दे, तुझा बोनस पक्का.

मावशी आली, पण आज तिच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती.

"झोरी, माझं किती राहिलंय गं? डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी काढलंय. आईकडची द्राक्षाची बाग विकून टाकली. बाग कसली, चार वेल. चारशे आलेत. दोन-तीन हप्तेच असतील ना आता? मिटवून टाकते. मी डोळे मिटल्यावर दिलियानाच्या गळ्यात काही नको."

झोर्नित्सानं पडद्याकडे बघितलं. बघायची गरज नव्हती. दोन हजार तीनशे लेव्हा. मावशीनं भरलेलं बहुतेक सगळं व्याजात गेलं होतं, आणि दोन हिवाळ्यांत तिनं कार्डावरच सरपण घेतलं होतं. "थोडंच राहिलंय" म्हणावं, चारशे जमा करावेत, मर्यादा वाढवावी आणि मावशीला हसत घरी पाठवावं, हे सगळं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. ते किती सहज आलं याची तिची तिलाच भीती वाटली.

तिनं आकडा सांगितला.

"काहीतरी चुकतंय तुझं," मावशी शांतपणे म्हणाली. "मी एकही हप्ता चुकवला नाही."

"तो हप्ता नव्हता, मावशी. नुसतं मिनिमम होतं. त्यात बहुतेक व्याजच फिटतं."

"म्हणजे फ्रिजसारखं नाही?"

झोर्नित्साला कळलं. जुन्या काळी कारखान्यात पगारातून हप्ता कापला जायचा, आणि एक दिवस फ्रिज आपला व्हायचा. वेळच्या वेळी भरत राहणाऱ्याचं देणं कधीतरी संपतंच, हे या पिढीनं गृहीत धरलेलं. इथे वेळच्या वेळी भरणाऱ्याचंच संपत नव्हतं.

"नाही. फ्रिजसारखं नाही."

मावशीनं पुरचुंडी काउंटरवर ठेवली. चिडली नाही, आवाजही चढवला नाही.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत, मावशी."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"नाही विचारलं," मावशी म्हणाली. "खिडकीत परकं कुणी असतं तर पहिल्याच महिन्यात विचारलं असतं."

झोर्नित्साचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. रडू येत होतं, पण आपल्याला इथे रडायचा हक्क नाही हेही तिला समजत होतं. तिनं खाली मान घालून काम सुरू केलं. चारशे जमा केले, कार्ड बंद केलं, उरलेल्याचं ठरावीक हप्त्यांचं कर्ज करून दिलं. हप्ता मिनिममपेक्षा जरा जड होता, पण चार वर्षांत संपणारा होता. प्लामेन आतून काचेवर टकटक करून हातवारे करत होता. तिनं तिकडे बघितलंच नाही.

कागद छापून आले. सवयीनं तिनं खालच्या रेषेवर बोट ठेवलं. "इथे सही करा, मावशी."

मावशीनं तिचं बोट अलगद बाजूला केलं. पिशवीतून चष्मा काढला, काचा पुसल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"आजी, आटपा की जरा!" मागचा माणूस कुरकुरला. "शनिवारी पोरीचा बॉल आहे, कार्ड घ्यायचंय मला."

"वाचू द्या त्यांना," झोर्नित्सा म्हणाली.

दुसऱ्या पानावर मावशी अडली. एका शब्दावर बोट ठेवून तिनं मान वर केली. झोर्नित्सा सांगायला पुढे झुकली. पण मावशी मागे वळली.

"अरे बाबा, तुला वाचता येतं ना नीट? याचा अर्थ काय होतो, सांग बरं."

तो माणूस पुढे झाला, त्यानं वाकून बघितलं. त्यालाही तो शब्द माहीत नव्हता. मग दोघं मिळून पुन्हा वरपासून वाचू लागली, आणि झोर्नित्सा काचेमागे हात मांडीवर ठेवून, कुणी आपल्याला विचारतंय का, याची वाट बघत बसली.