सोनोग्राफीची किल्ली

घरी येऊन दोनदा हात धुतले, तरी किळस जात नाही, म्हणून इथे लिहितो.

आज सकाळी शेजारच्या तांड्यावरच्या सुमलीबाईंना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पोट टम्म फुगलेलं, हिरव्या उलट्या, दोन दिवस गॅसही सरलेला नाही. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतडं अडकलं असावं. खाटेजवळच सोनोग्राफी केली तर लगेच कळेल." पण गर्भलिंग तपासणी होऊ नये म्हणून मशीन कुलूपबंद होतं, आणि किल्ली मोठ्या साहेबांच्या खिशात. साहेब सत्काराला गेलेले.

"माही याडी मरून राह्यली, अन् तुमची किल्ली तिकडं हारतुरे घेऊन राह्यली!" सुमलीबाईंची लेक ओरडली.

साहेब दोन तासांनी आले. मशीनवर उद्घाटनाची रिबीन तशीच होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. फुगलेल्या आतड्यात पाणी पुढे न सरकता नुसतं मागेपुढे हेलकावत होतं. निदानाला दोन मिनिटं लागली.

तेवढ्यात सुमलीबाईंना उलटी झाली. साहेबांनी झटकन मशीन मागे ओढलं आणि स्वतःच्या रुमालाने पुसलं. बाईंचं तोंड लेकीने पदराने पुसलं.

आता यवतमाळला त्यांचं ऑपरेशन सुरू आहे. तुमच्या दवाखान्यातली किल्ली कोणाच्या खिशात असते, एकदा विचारून याल का?